देवाचं राज्य आपल्या आत आहे म्हणजे नक्की कुठे?

खडकीचा_हिशोबनीस

सलाम मंडळी. लिहू का नको असं दोन आठवडे चाललंय, आज लिहूनच टाकतो, कारण हे मंडळीतल्या (आमच्या चर्चमधल्या) कुणाशी समोरासमोर बोलवत नाही.

मी जन्मापासून ख्रिस्ती, आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, संडे स्कूल, तरुण संघ, नाताळची कॅरोल पार्टी सगळं झालं. नोकरी अकाउंट्सची, चाकणला एका कंपनीत. गेल्या महिन्यात घरगुती प्रार्थनेत बायबलमधला लूक १७ वाचला, तिथे परूशी (धर्मनियम कडक पाळणारे यहुदी) येशूला विचारतात की देवाचं राज्य केव्हा येणार आणि तो म्हणतो की ते डोळ्यांना दिसेल असं येत नाही, पाहा, देवाचं राज्य तुमच्यामध्ये आहे. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो. आणि घरी येताना गाडीवर मला रडू आलं, कारण मी माझ्या आत बघितलं तर तिथे राज्य वगैरे काही नाही, तिथे माझा भाऊ बसलाय.

थोडक्यात सांगतो. वडील गेल्यावर राहत्या घराचे कागद भावाने परस्पर आपल्या नावावर करून घेतले, आईची सही घेतली, आईला काय कळत होतं आणि काय नाही देवाला ठाऊक. वाटणीचा दावा चालू आहे. चार वर्षं झाली, आम्ही बोलत नाही. आई त्याच्याकडे असते. मी सकाळी उठतो तेव्हा पहिला विचार त्याचा, रात्री शेवटचा त्याचा, मध्ये प्रार्थना करतो तीही अर्धी त्याच्याबद्दलच. प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेतात त्या) रविवारी मी मुद्दाम उशिरा पोचतो.

मग प्रश्न असा की विश्वासणाऱ्याच्या अंतःकरणात देवाचं राज्य असतं असं आपण म्हणतो ते म्हणजे काय? ती एक भावना आहे का, शांती, आनंद वगैरे? तसं असेल तर माझ्यात ते नाही, सरळ आहे. का ते असूनही कळत नाही असं काही असतं? कृपया "प्रार्थना करा दादा" एवढंच लिहू नका, ते मी करतोय.

कॅम्पातली_मावशी

बाळा सलाम. वाचून पोटात कालवलं. मी शिकलेली नाही फार, पण ४० वर्षं महिला मंडळात वचन वाचतेय तेवढ्यावर लिहिते.

येशूने राज्याला खमिराची उपमा दिलीये, मत्तय १३ मध्ये. एका बाईने तीन मापं पिठात खमीर लपवलं आणि सगळं पीठ फुगलं. ती तीन मापं म्हणजे आपली वाटी नाही हं, तेवढ्या पिठाच्या भाकरीवर शंभर माणसं जेवतील. आता तू स्वयंपाकघरात बघ, मी रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालते आणि झाकून ठेवते. तासाभराने झाकण काढून बघितलं तर दूधच दिसतं, वास पण दुधाचाच. म्हणून विरजण पडलं नाही असं म्हणायचं का? आणि सारखं सारखं ढवळून बघितलं तर दही लागतच नाही. तू रोज झाकण काढून बघतोयस.

पण एक आहे, दूध उकळतं असेल तर विरजण मरतं. ते पण खरंय. राग चार वर्षं गॅसवर ठेवला तर कसं लागणार. रागावले नाहीये तुझ्यावर, स्वतःवरून सांगते, माझी जाऊ गेली तेव्हा आमचं बोलणं नव्हतं.

ग्रीक_शिकतोय

मी इथेच पुण्यात सेमिनरीत (पाळकांचं शिक्षण देतात तिथे) दुसऱ्या वर्षाला आहे त्यामुळे थोडं शब्दांबद्दल लिहितो, मावशींचं उदाहरण मी उद्या वर्गात सांगणार आहे.

लूक १७:२१ मध्ये मूळ शब्द आहे "एन्टॉस ह्युमोन". एन्टॉस म्हणजे आत. हा शब्द नव्या करारात अजून एकदाच येतो, मत्तय २३:२६ ला, वाटी आतून साफ करा म्हणतो तिथे. त्यामुळे जुन्या काळापासून बऱ्याच जणांनी "तुमच्या अंतरात" असं वाचलं. पण अडचण अशी की येशू हे बोलतोय कुणाशी, तर परूश्यांशी, जे त्याला मानायलाच तयार नाहीत. त्यांच्या हृदयात देवाचं राज्य आहे असं तो कसा म्हणेल? म्हणून आजचे बरेच अभ्यासक "तुमच्यामध्ये" म्हणजे "तुमच्या मधोमध" असं घेतात, म्हणजे राजा स्वतः तुमच्या पुढ्यात उभा आहे आणि तुम्ही तारीख विचारताय. आणि "तुमच्या" हे अनेकवचन आहे, एकट्याच्या हृदयाबद्दल नाही. आपला मराठीतला "तुमच्यामध्ये" दोन्ही अर्थ पोटात घेतो, मला तो शब्द फार आवडतो.

दुसरं म्हणजे राज्य. आपल्याला राज्य म्हटलं की महाराष्ट्र राज्य, नकाशा, हद्द आठवते. हिब्रूत "मलखूत", ग्रीकमध्ये "बासिलेया", दोन्हीचा जोर जागेपेक्षा सत्तेवर आहे, राजा राज्य करतोय या क्रियेवर. "शिवाजी महाराजांच्या राज्यात" म्हणताना आपण जसं म्हणतो ना, तिथे हुकूम कुणाचा चालायचा हे सांगत असतो, तसं. (मत्तय "स्वर्गाचे राज्य" म्हणतो आणि मार्क-लूक "देवाचे राज्य", गोष्ट एकच, यहुदी लोक आदरापोटी देवाचं नाव टाळायचे म्हणून तसं असं साधारण सांगतात.)

म्हणून दादा, तुमचा "ती भावना आहे का" हा प्रश्न जरा बदलून बघा. माझ्या आत मला काय वाटतं, याऐवजी माझ्या आत हुकूम कुणाचा चालतो. भावाची आठवण येते तेव्हा तिथे निर्णय कोण घेतं.

नगरकर_पुण्यात

माझं थोडं वेगळं मत आहे आणि ते मी स्पष्ट लिहिणार.

हे "हृदयातलं राज्य" प्रकरण फार सोयीचं होऊन बसलंय. हृदयात राज्य आणि बाहेर सगळं जसंच्या तसं. माझे पणजोबा नगर जिल्ह्यात महारवाड्यात राहायचे, गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. त्यांना देवाचं राज्य कळलं ते काही ध्यान लावून नाही, प्रभुभोजनाला एका चटईवर बसायला मिळालं आणि एका प्याल्यातून प्यायला मिळालं तेव्हा कळलं. आजी सांगायची की त्यांनी त्या दिवशी प्याला ओठाला लावायच्या आधी आजूबाजूला बघितलं, कुणी ओरडतंय का.

रोम १४:१७ सगळे पाठ म्हणतात, देवाचं राज्य खाण्यापिण्यात नाही तर नीतिमत्त्व, शांती आणि पवित्र आत्म्याचा आनंद यात आहे. पण तो अध्याय कशाबद्दल आहे? मंडळीतले लोक कोण काय खातो यावरून एकमेकांना तुच्छ लेखत होते त्याबद्दल. म्हणजे शांती इथे मनाची शांती एवढीच नाही, एका ताटाभोवतीची शांती आहे. आपल्या पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्या मंडळींवर ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) आलं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्ताचे वाद झाले. एका कपावरून! गुरुवार पेठेतून जाताना ते चर्च दिसलं की मला हाच अध्याय आठवतो.

आणि पंडिता रमाबाई. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी, टाकलेल्या मुली केडगावला आणल्या. पुढे बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं तर त्याचे छपाईचे खिळे जुळवणं, छापणं त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच केलं. त्या बाईच्या हृदयात राज्य होतं हे आपल्याला कळतं कशावरून? त्या मुलींवरून.

हिशोबनीस दादांवर टीका नाहीये ही. उलट त्यांचा त्रास खरा आहे कारण त्यांना आत आणि बाहेर यातली फट दिसतेय. ज्यांना दिसत नाही त्यांची मला जास्त काळजी वाटते.

अभंगवेडा

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे, दरवर्षी पालख्या पुण्यात येतात तेव्हा आमच्या सोसायटीत मुक्कामाची सेवा असते. धागा वाचून राहवलं नाही, आगाऊपणा वाटला तर माफ करा. तुम्ही म्हणताय ते आमच्या संतांच्या "देव अंतरी" यासारखंच आहे का? का वेगळं?

ग्रीक_शिकतोय

आगाऊपणा कसला, छान प्रश्न आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक स्वतः म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांनी अभंग, भजनं लिहिली ती आम्ही आजही उपासनेत गातो. आणि बघा, १९१७ साली त्यांनी मिशनचं काम सोडून साताऱ्याला एक बंधुसमाज सुरू केला, त्याचं नाव ठेवलं "देवाचा दरबार". बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे दोघांनाही त्यात जागा. दरबार हा शब्द मला फार बोलका वाटतो, राज्य म्हटलं की लांबचं वाटतं पण दरबारात तुम्ही राजाच्या समोर असता, आणि शेजारी दुसरीही माणसं असतात. नगरकर दादांचा मुद्दा आणि आतला मुद्दा दोन्ही त्या एका नावात आले. ते १९१९ ला गेले, दोनच वर्षं मिळाली.

फरक माझ्या समजुतीप्रमाणे असा की आम्ही जेव्हा आत राज्य आहे म्हणतो तेव्हा आतला मी म्हणजेच देव असं म्हणत नाही. राजा वेगळा आहे, तो आत येतो, आणि त्याला जागा द्यावी लागते. योहान ३ मध्ये निकदेम नावाच्या परूशाला येशू म्हणतो नव्याने जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसणारही नाही. म्हणजे ते मुळापासून आत दडलेलं नाही, दिलं जातं.

अभंगवेडा

समजलं. धन्यवाद. भक्तीत पण देव आणि भक्त वेगळे राहतातच, नाहीतर भेटायला जायचं कुणाला. वाचतोय पुढे.

कॅम्पातली_मावशी

बाळा हिशोबनीस, तू गप्प का झालास. एक काम कर. मत्तय १८ चा शेवट वाच, २३ पासून. पाळकासारखं वाचू नकोस, तुझ्या ऑफिसात वाचतोस तसं वाच.

खडकीचा_हिशोबनीस

मावशी वाचलं. काल रात्री दीड वाजेपर्यंत बसलो होतो, म्हणून उशीर.

हा दाखला (येशूने सांगितलेली बोधकथा) मी शंभर वेळा ऐकलाय पण सुरुवातीचं वाक्य कधी नीट ऐकलंच नव्हतं, की स्वर्गाचं राज्य हिशोब घेणाऱ्या राजासारखं आहे. हिशोब! मी वही काढली. मूळ आकडे बघितले, एका दासावर राजाचं कर्ज १०,००० तालांत, आणि त्या दासाचं दुसऱ्याकडे येणं १०० दीनार. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तेच आहे. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. म्हणजे पहिलं कर्ज ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर २ लाख वर्षं. तो दास म्हणतो मला सांभाळून घ्या, मी सगळं फेडीन. २ लाख वर्षं. आणि राजा हप्ते बांधून देत नाही, व्याज माफ करत नाही, पूर्ण खातं राइट ऑफ करतो. आणि तोच दास बाहेर येऊन आपल्या १०० दीनारांसाठी दुसऱ्याला तुरुंगात टाकतो. आमच्याकडे पाच हजाराचं राइट ऑफ करायला तीन सह्या लागतात.

पण मला झोप लागली नाही ती दुसऱ्या आकड्यामुळे. १०० दीनार म्हणजे साडेतीन-चार महिन्यांचा पगार. मंडळीत हा दाखला सांगताना नेहमी म्हणतात की ते क्षुल्लक कर्ज होतं, दोन-चार रुपये. नव्हतं हो. चार महिन्यांचा पगार कुणी बुडवला तर घर हलतं. म्हणजे येशू असं म्हणत नाहीये की तुझ्या भावाने केलं ते काहीच नाही. आजवर मला सगळे हेच सांगत आले की जाऊ दे, काय घेऊन जायचंय वर, आणि प्रत्येक वेळी माझा राग दुप्पट व्हायचा कारण माझं येणं खरं आहे आणि तुम्ही ते शून्य म्हणताय. येशूने शून्य नाही लिहिलं. शंभर लिहिलं. माझ्या बाजूने एवढं कुणीच बोललं नव्हतं. फक्त त्याने शेजारी दुसरी रक्कम लिहून ठेवली, सहा लाख पट.

आणि शेवट, ३५वं वचन. आपापल्या बंधूला मनापासून क्षमा केली नाही तर. राज्य, भाऊ, मन, तिन्ही एकाच दाखल्यात. माझा प्रश्न मी लूक १७ वर विचारला होता, उत्तर इथे लिहिलेलं होतं.

क्षमा केलीये असं मी म्हणत नाहीये. अजून नाही. पण हुकूम कुणाचा चालतो या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, त्या एका खात्यावर माझाच चालत होता, बाकी सगळी खाती मी राजाला दाखवत होतो आणि हे एक वेगळ्या वहीत ठेवलं होतं.

शांत_दुपार

दादा तुमची पोस्ट दोनदा वाचली. मला एक लिहायचंय आणि ते जपून घ्या सगळ्यांनी.

मी सात वर्षं मार खाल्ला, नवऱ्याचा. मंडळीतल्याच मोठ्या माणसांनी सत्तर वेळा सात वेळा क्षमा कर हे वचन दाखवून मला परत पाठवलं, दोनदा. वचन खरंच होतं, माझ्यावर वापरलं ते चूक होतं. आज मी वेगळी राहते, कोंढव्यात, नोकरी करते. मी त्याला क्षमा केली त्याला तीन वर्षं झाली असतील, नक्की कुठल्या दिवशी ते माहीत नाही, एकदा भांडी घासताना लक्षात आलं की आज सकाळपासून त्याची आठवण आली नाही. पण मी परत गेले नाही आणि जाणार नाही, आणि पोलिसात दिलेली तक्रार मागे घेतली नाही. आतलं खातं राजाकडे दिलं म्हणजे बाहेरचं दार उघडं टाकायचं असं नाही. त्याच मत्तय १८ मध्ये दाखल्याच्या आधी येशू हेही सांगतो की भावाने अपराध केला तर जाऊन त्याला त्याचा अपराध दाखव, ऐकलं नाही तर दोन जण सोबत ने, मग मंडळीला सांग. लपव असं कुठे म्हणत नाही.

तुमचा दावा चालू ठेवायचा का नाही हे तुम्ही ठरवा, पण ज्या दिवशी मागे घ्याल तेव्हा कुणी दडपण आणलं म्हणून घेऊ नका.

नगरकर_पुण्यात

ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी वर जे लिहिलं त्यात हे यायला हवं होतं. नीतिमत्त्व हा शब्द शांतीच्या आधी आलाय रोम १४ मध्ये, उगाच नाही.

ग्रीक_शिकतोय

ताई सलाम तुम्हाला. एक भर घालतो. कलस्सै ३:१५, ख्रिस्ताची शांती तुमच्या अंतःकरणात राज्य करो. मराठीत राज्य करो आहे, पण तिथे बासिलेया नाही, वेगळंच क्रियापद आहे, "ब्राबेउओ", ते खेळाच्या मैदानातलं आहे, पंचाने निकाल द्यावा तसं. म्हणजे आत दहा आवाज अपील करतायत, राग करतोय, भीती करतेय, हक्क पण करतोय, आणि बोट वर करायचं का नाही हे ख्रिस्ताची शांती ठरवणार. अपील बंद होत नाहीत. शांत_दुपार ताईंचं तेच झालं असं मला वाटतं, परत न जाणं हाही त्याच शांतीने दिलेला निकाल असू शकतो. आणि दादांना कदाचित वेगळा मिळेल.

कॅम्पातली_मावशी

पोरी, तुला जवळ घ्यावंसं वाटतंय. एवढंच.

अभंगवेडा

एक विचारतो. मग शेवटी येणारं राज्य म्हणता तुम्ही, येशू परत येणार वगैरे, त्याचं काय? आत आलंय तर अजून यायचं काय राहिलं?

ग्रीक_शिकतोय

दोन्ही. तेच तर अवघड आहे. मार्क ४ मध्ये एक छोटा दाखला आहे जो फक्त मार्कमध्येच आहे, माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही, आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. अंकुर पण ज्वारीच आहे, पण भाकरी त्याची होत नाही अजून. आम्ही म्हणून "तुझे राज्य येवो" ही प्रार्थना थांबवलेली नाही.

खडकीचा_हिशोबनीस

आठ दिवसांनी लिहितोय.

ज्या प्रार्थनेचा उल्लेख वर झाला तीच. रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणत होतो, तुझे राज्य येवो, आणि तिथून दोन ओळींवर काय आहे ते मराठीत ऐका, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. ऋण. ऋणी. पाच वर्षांचा असल्यापासून म्हणतोय, अकाउंट्समध्ये २२ वर्षं घालवली, आणि तो शब्द हिशोबाचा आहे हे मला या रविवारी ऐकू आलं. मी तिथे थांबलो, पुढचं म्हणू शकलो नाही, बाकीच्यांनी पूर्ण केली. या वेळी वेळेवर पोचलो होतो, पण प्रभुभोजन घेतलं नाही. मत्तय ५ मध्ये दान वेदीपुढे ठेवून आधी भावाकडे जा म्हटलंय, म्हणून बाहेर येऊन पार्किंगमध्येच फोन लावला.

पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला आणि काहीच बोलला नाही, मागे आईचा टीव्ही ऐकू येत होता. मी ठरवून ठेवलेलं सगळं विसरलो. म्हणालो आई कशी आहे. तो म्हणाला डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे गुरुवारी. मग म्हणाला, तिला सोबत कुणीतरी लागेल दिवसभर, माझी सेकंड शिफ्ट आहे. एवढंच झालं, दीड मिनिट. घराचा विषय मी काढला नाही, त्याने काढला नाही. दावा आहे तसा आहे, शांत_दुपार ताई तुमचं लक्षात आहे, वकिलांशी शांतपणे बोलणार आहे, घाई करणार नाही. केलं ते चूक आहे हे त्याला एकदा तोंडावर सांगणार आहे, पण ओरडून नाही.

मावशी, झाकण काढून बघितलं नाही अजून. गुरुवारी सुट्टी टाकलीये.

कॅम्पातली_मावशी

किती वाजता न्यायचंय? ऑपरेशनआधी काही खाऊ देत नसतील तर डॉक्टरांना आधी विचारून घे. घरी आणल्यावर मऊ खिचडी दे. त्या दिवशी आमचं महिला मंडळ आहे, आईचं नाव घेऊ आम्ही. तुझ्या भावाचंही.